सफेदीवाल्याची बाजू

बाई: नाही, नाही, त्या मुलाला टाके पडले नाहीत. नुसतं टेंगूळ आलंय. पण तीच कंपासपेटी डोळ्याला लागली असती म्हणजे?

रंगारी: लागली असती म्हणजे मी तिला... जाऊ द्या. बाई, तुमचा तरी विश्वास बसतो का? आमची ही पोरगी घरात झुरळ मारत नाही हो. झुरळ दिसलं की मला हाक मारते, आणि वर सांगते, मारू नका, नुसतं बाहेर सोडा.

बाई: माझाही बसत नाही. म्हणून तर तुम्हाला कामावरून बोलावलं. बसा ना.

रंगारी: उभाच बरा. कपड्यांना ओला रंग आहे, तुमची खुर्ची खराब व्हायची. अर्धी भिंत सोडून आलोय मी. अर्धी सोडली की जोड दिसतो, मग मालक कटकट करतो. काय झालं ते एकदाचं सांगून टाका. त्या पोराने हिची काही खोडी काढली का?

बाई: हिला कोणी चकार शब्द बोललं नाही. वर्गात आम्ही एक कादंबरी वाचतोय. भांडण झालं ते कादंबरीतल्या एका माणसावरून.

रंगारी: घ्या! मारणारी खरी, मार खाणारा खरा, आणि ज्याच्यापायी मारलं तो मुळात नाहीच!

बाई: मीही आधी अशीच हसले होते. पुढचं ऐका. त्या कादंबरीत एक शहर आहे. तिथे कायदा असा, की घरातलं कोणी वारलं की लगेच सरकारी गाडी येते. त्या माणसाचे कपडे, चपला, फोटो, सगळं भरून नेते. मग सफेदीवाला येतो आणि घराला आतून पांढरा रंग देतो. रंग वाळला की त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर शिक्षा. अख्खं शहर पांढरंफटक, आणि कोणाच्याही डोळ्यांत पाणी नाही. ऐकताय ना?

रंगारी: ऐकतोय. नववीच्या पोरांना हे असलं कशाला वाचायला देता? जगातल्या चांगल्या गोष्टी संपल्या का?

बाई: मुख्याध्यापकांनीही हेच विचारलं. पण खरं सांगू? एरवी धडा काढा म्हटलं की माझा वर्ग जांभया देतो. ह्या पुस्तकावर मात्र सगळे तुटून पडले. एक मुलगी आजीच्या चष्म्याची डबी उशाखाली घेऊन झोपायला लागलीय. एकजण म्हणाला, शहर काही वाईट नाही, निदान रडारड तरी नाही. त्याला सगळ्यांनी असा धारेवर धरला, की बिचारा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसला. आणि एक महाभाग रोज विचारायचा, बाई, ह्यात मारामारी कधी येणार?

रंगारी: आली म्हणा शेवटी.

बाई: आली. त्याच्या शेजारच्याच बाकावर.

रंगारी: आणि आमची? ती काय म्हणायची?

बाई: काहीच नाही. इतके दिवस एक अक्षर नाही. आणि आज त्या सफेदीवाल्याचा विषय निघाला. आमच्या वर्गात एक आहे, त्याला सगळे वकीलच म्हणतात. तो उठून म्हणाला, कायदा करणारे लांब राहिले, खरा नालायक हा सफेदीवाला. ब्रश ह्याच्या हातात आहे. ह्याला काळीजच नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आणि तुमची मुलगी उभी राहिली.

रंगारी: काय बोलली?

बाई: म्हणाली, त्याच्या घरातलं कोण गेलंय ते माहितीय का तुम्हाला? मी म्हटलं, अगं, पुस्तकात तसं काही नाहीच. तो माणूस तीन-चार पानांपुरता येतो, त्याला नावसुद्धा नाही. तर म्हणाली, पुस्तकात नसेल, मला माहितीय. तो रंग मारताना रडतो. पाठमोरा असला तरी कळतं. खांदे हलतात.

रंगारी: खांदे...

बाई: हो. त्यावर वकील म्हणाला, मगरीचे अश्रू. आणि कंपासपेटी गेली. मी हिला बाहेर घेऊन गेले. मला म्हणाली, बाई, ती गोष्ट नाहीये. आमच्याकडेपण सफेदी झालीय.

रंगारी: पांढरा नव्हता.

बाई: काय?

रंगारी: रंग. पांढरा नव्हता हो. मोतिया होता. हिच्या आईला मोतिया आवडतो म्हणून मुद्दाम... बाई, जरा पाणी मिळेल?

बाई: घ्या. बसा आता. खुर्चीचं राहू द्या. तिला भाऊ होता हे मला आज तिच्याकडूनच कळलं.

रंगारी: मोठा होता. तापाचं निमित्त झालं. आज ताप, उद्या दवाखाना, आणि परवा... संपलं. शिडी दिसली की वर चढून बसायचा. सुट्टी असली की माझ्याबरोबर कामावर. खाली ये म्हटलं तर वरून चणे खात बसणार. सगळे त्याला हाक मारायचे...

बाई: काय हाक मारायचे?

रंगारी: ते राहू द्या.

बाई: बरं.

रंगारी: आमच्याकडे एक होतं. पोरांच्या चपला लहान झाल्या की नव्या आणायच्या, आणि नव्या घालायच्या आधी दोघांना स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून रेघ मारायची. त्याची डाव्या अंगाला, हिची उजव्या. तो गेल्यावर हिची आई त्याच्या वरच्या रेघेवर हात ठेवून उभी राहायची. सकाळी उभी राहिली की दूध उतू जायचं, भाजी करपायची, तिला पत्ता नाही. मला बघवेना हो. म्हटलं, रेघच नसली तर कशाला उभी राहील? माहेरी पाठवली थोडे दिवस. पोरीला शेजारी ठेवली. आणि घर रंगवायला काढलं. माणसाला जे येतं तेच तो करणार.

बाई: आणि त्या परत आल्यावर?

रंगारी: चौकटीपाशी आली. थांबली. म्हणाली, रंग छान बसलाय. आणि आत जाऊन कुकर लावला. बस्स. त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव निघालं नाही. मी नका काढू म्हटलं नव्हतं हो! आमच्याकडे कोणी कायदा केला नाही. नुसतं... मी नाही काढलं, तिने नाही काढलं, आणि पोरगी आमच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, लहान आहे, विसरली असेल. दूध उतू जायचं थांबलं, म्हणजे बरं चाललंय, असं धरून चाललो मी.

बाई: ती बाहेर उभी आहे. पाठवू आत?

रंगारी: काय बोलू तिच्याशी?

बाई: ते मला नाही सांगता येणार. तिला शिक्षा काय द्यायची एवढंच माझ्या हातात आहे, आणि तेही मला अजून सुचलेलं नाही.

(बाई दार उघडून मुलीला आत पाठवतात आणि स्वतः बाहेर थांबतात.)

रंगारी: ये. अशी दारात का? मी काही बोलणार नाहीये.

मुलगी: मी त्याची माफी मागितलीय. मधल्या सुट्टीत बर्फपण मीच आणून दिला. तुम्ही भिंत अर्धी सोडून आलात?

रंगारी: सोडली. जोड दिसला तर दिसू दे. तू मला रडताना कधी पाहिलंस गं?

मुलगी: कधी म्हणजे तेव्हाच. शेजारच्या काकू वेणी घालणार होत्या, त्यांना कंगवा सापडेना. म्हणून आपला न्यायला आले. तुम्ही चौकट रंगवत होता.

रंगारी: मग हाक नाही मारायची?

मुलगी: काम करताना मध्ये बोललेलं तुम्हाला आवडत नाही. मी तशीच परत गेले. काकूंनी बोटांनीच वेणी घातली.

रंगारी: आणि त्याबद्दल आईजवळ कधी बोलली नाहीस. माझ्याजवळ नाही.

मुलगी: तुम्ही दोघं तरी कुठे बोलता? बाबा, एक विचारू? चिडणार नाही ना?

रंगारी: विचार.

मुलगी: वरचा रंग काढला तर खालच्या रेघा दिसतील?

रंगारी: नाही दिसणार.

मुलगी: हळू हळू काढला तर? तुम्ही त्या जुन्या कपाटाचा काढला होतात ना, खालची फुलं निघाली होती.

रंगारी: त्या कपाटाला कोणीतरी वरच्यावर रंग फासला होता, म्हणून निघाली. चौकट मी आधी पॉलिश पेपरने घासली. घासल्याशिवाय लाकूड रंग धरत नाही. मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. मला मेल्याला कच्चं काम करताच येत नाही गं. त्या एका दिवशी करायला हवं होतं.

मुलगी: सगळ्या रेघा घासल्या?

रंगारी: सगळ्या. तुझ्यापण.

मुलगी: माझ्या गेल्या तर जाऊ देत. पण मग कळणार कसं?

रंगारी: काय कळायचंय?

मुलगी: मी दादाएवढी झाले का ते. वयाने तर मी पुढे गेलेच. उंचीचं कळत नाही. मी रोज विचार करते, आपण आता शेजारी उभे राहिलो तर कोण उंच? आठवतच नाही. त्याचा आवाजपण नीट येत नाही आता. आणि चपला...

रंगारी: चपलांचं काय?

मुलगी: लहान झाल्यात. केव्हाच्या. नव्या आणल्या की मोजावं लागणार, आणि मोजायला गेलं की आई तिथे... म्हणून मी सांगितलंच नाही. बोटं दुमडून घालते.

रंगारी: दाखव. अगं, पाय सोलवटलाय की! हे काय करून घेतलंस? आम्हाला दिसलं कसं नाही?

मुलगी: तुम्ही रडू नका ना. बाई येतील.

रंगारी: येऊ देत. चपला काढ त्या. काढ आधी. इकडे ये, माझ्यासमोर उभी राहा. ताठ. अजून जवळ.

मुलगी: शर्टाला रंग आहे. केसांना लागेल.

रंगारी: लागू दे. तो शिडीवरून उतरला की असाच धावत येऊन छातीवर डोकं आदळायचा. रोज. ह्या खिशाच्या वरच्या शिवणीला त्याची टाळू लागायची. घासून घासून काय घासणार मी? हे कुठे घासणार? खारूचं डोकं इथे यायचं. बरोब्बर इथे.

मुलगी: काय म्हणालात?

रंगारी: खारू. आपल्या खारूचं डोकं.

मुलगी: आणि माझं?

रंगारी: तुझं वर आलंय. दोन बोटं.

मुलगी: नीट बघा ना. माझे केस फुगलेत.

रंगारी: केस दाबूनच बघतोय. दोन बोटं वर.

मुलगी: म्हणजे आता मी मोठी, त्याच्यापेक्षा.

रंगारी: हो गं बाळा.

मुलगी: तरी त्याला दादाच म्हणायचं ना?

रंगारी: दादाच म्हणायचं. आणि घरी गेल्यावर जरा मोठ्याने म्हण. आई आत असते, तिला ऐकू गेलं पाहिजे.