शकूकाकूंचा सहावा चहा

समाजशास्त्रात कसला आला धोका, असं पुन्हा म्हणू नका, आधी हे ऐका. वस्तीचा तब्येतीवर काय परिणाम होतो, हे तपासण्यातच माझी अख्खी नोकरी चाललीय. मागच्या महिन्यात महाल भागातल्या एका गल्लीत शुगरचा सर्व्हे करत होते. पहिल्याच घरी शकूकाकूंनी चहा पाजला आणि चपला घालून निघाल्याच.

"तुले घरं कशी सापडतीन वं? चाल, मी दाखवते."

मग प्रत्येक घरी चहा, मला आणि काकूंनाही. नाही म्हटलं की घरची बाई अशी फुगायची, की माझा फॉर्म कोराच! सहाव्या घरी आठवलं, काकूंच्या फॉर्ममधला एक प्रश्न विचारायचा राहिलाय.

"काकू, दिवसातून चहा किती वेळा?"

"दोनदाच. डॉक्टरनं शुगर सांगितली ना मले."

मी कप खाली ठेवला. "मग आज काहून पिऊन राहिल्या?"

"तुह्यासाठी, बाई! तुले एकटीले पिऊ देणं बरं दिसते का?" काकूंनी बशी रिकामी केली. "लिही तुह्या कागदावर, सर्व्हे बंद केला की गल्लीची शुगर उतरते."