तव्यावरची मशेरी

(रत्नागिरीच्या खाडीपलीकडचं भाट्ये गाव. मागीलदारी चूल, चुलीवर तवा, तव्यात तंबाखू. सासू गोदा, सून चिमा.)

गोदा: मग हा वास कसला गो? माझं नाक अजून शाबूत हाय. हात पुढं कर.

चिमा: आत्ताच भांडी घासली. राखेचा असेल.

गोदा: राखेला गुलाबाचा वास? मग माझ्या महिपतला मुंबईहून साबण कशाला पाठवायला लावतेस? आपल्याच चुलीत पिकतो की गुलाब.

चिमा: लावला साबण. नुसते हात धुतले. नर्सबाईंनी सांगितलंय, जेवणाआधी हात साबणानं धुवायचे.

गोदा: कोण नर्सबाई?

चिमा: दवाखान्यातली.

गोदा: तू काल फणी घ्यायला गेली होतीस.

चिमा: फणीपण घेतली.

गोदा: वा! पोटुशी बाई तरीत बसून खाडी ओलांडते, परक्या बाईला पोट दाखवून येते, आणि सासूला फणी दाखवते. मागचं विसरलीस होय?

चिमा: ते मी विसरेन, आत्याबाय?

गोदा: मग? दोन्ही वेळेला पाचवा महिना लागला आणि घात झाला. दोन्ही वेळेला घरात तो मेला साबण. कसली चरबी, कसला सोडा, वर अत्तर. कातडीतून आत मुरतं सगळं. म्हणून तर उचलून बावीत टाकला.

चिमा: टाकलात की. दोन दिवस बावीला फेस होता. सगळी वाडी गुलाबाचं पाणी प्यायली. सदूची म्हैसपण प्यायली, गाभण होती. व्यायली की सुखरूप.

गोदा: म्हशीची बरोबरी करतेस?

चिमा: कशी करू? म्हशीला कुणी विचारत नाही, तू अंगाला काय लावलंस म्हणून.

गोदा: जीभ बघा! दवाखान्यात धार लावून आणलीन वाटतं. तंबाखू हलव आधी. जास्त जळली तर मशेरी कडू होते.

चिमा: मी नाही हलवणार.

गोदा: काय म्हणालीस?

चिमा: मी साबणाचं विचारायलाच गेले होते. म्हटलं, एकदाचं कळू दे. त्या हसल्या. म्हणाल्या, साबणाचं राहू दे, तोंड उघड. दात कशानं घासतेस? मी म्हटलं, मशेरीनं. किती वेळा? म्हटलं, उठल्यावर, जेवल्यावर, आणि ओकारी आली की.

गोदा: मशेरीनं ओकारी बसते.

चिमा: बसते ना. तेच सांगितलं मी. मग त्या हसायच्या थांबल्या.

गोदा: का?

चिमा: म्हणाल्या, भाजली तरी ती तंबाखूच. हिरड्यातून रक्तात जाते, रक्तातून पोराला. लावू नकोस, भाजूही नकोस. धूरसुद्धा नको.

गोदा: धूर! माझ्या आयशीनं भाजली, तिच्या आयशीनं भाजली. गावातल्या साऱ्या बाया लावतात. त्यांना पोरं होत नाहीत?

चिमा: होतात. काही राहतात.

गोदा: ह्या नर्सबाईला किती झाली?

चिमा: त्यांचं लग्न नाही झालेलं.

गोदा: सुटलं कोडं.

चिमा: त्यापण म्हणाल्या, शपथेवर नाही सांगता येत. पण सोडून बघ.

गोदा: खात्री नाय तर कशाला बोलायचं? माझी साबणाची खात्री हाय.

चिमा: आहे?

गोदा: म्हणजे?

चिमा: दुसरं गेलं, तेव्हा आप्पा आले होते, तुमचे दीर. ओटीवर बसून म्हणाले, ही पोरगी अवलक्षणी, संगमेश्वरात एक स्थळ बघून ठेवलंय, शिमग्याला यांना मुंबईहून बोलवा. मी दाराआड होते. तुम्ही म्हणालात, पोरीचा काय दोष? तुमच्याच पुतण्यानं हौसेनं साबण पाठवला, त्यानं घात केला. आप्पा पान न खाता उठले.

गोदा: ऐकलंस होय तू.

चिमा: मला तेव्हा तो साबण देव्हाऱ्यात ठेवावासा वाटला.

गोदा: मग ठेव आणि गप बस. साबण सुटला तर दोष कुठं जाईल? परत तुझ्या पदरात. आप्पा टपलेलाच हाय.

चिमा: माझ्या पदरात येईल, नाहीतर मशेरीवर जाईल.

गोदा: म्हणजे माझ्यावर.

चिमा: असं नाही म्हटलं मी.

गोदा: म्हणायचं राहिलं काय? सासरी आलीस तेव्हा तुझे दात कडुलिंबाच्या काडीचे होते. मशेरी मी शिकवली. ओकारी येते तर जास्त लाव, हे पण मीच सांगितलं. बोटानं लावून दिली गो तुला, आजारी होतीस तेव्हा.

चिमा: तुम्हाला काय ठाऊक? मायेनंच दिलीत.

गोदा: मायेनं दिलेलं कडू लागत नाय, एवढंच.

चिमा: बसा जरा. पाणी देऊ?

गोदा: महिपतच्या आधी दोन गेली माझी. मागून एक मुलगी. तिला केस होते गो, दाट. रडली नाय नुसती.

चिमा: हे कधी बोलला नाहीत.

गोदा: तेव्हा ह्या घरात साबण कुणी बघितला होता?

चिमा: आत्याबाय…

गोदा: सासू म्हणाली, देवानं दिलं, देवानं नेलं. ते बरं होतं. देवाला शिव्या घालता येत होत्या.

चिमा: मी पुढच्या खेपेला जाईन ना, तेव्हा विचारते त्यांना. तुमच्या तिघांचं.

गोदा: खबरदार! एक शब्द विचारशील तर.

चिमा: बरं. नाही विचारत.

गोदा: आणि आप्पानं विचारलं तर साबणच म्हणायचं. पोर मांडीवर येईपर्यंत साबणच.

चिमा: आणि ओकारी आली तर?

गोदा: तर ओक. डोकं धरायला मी हाय. सरक तिकडं, धूर येतोय तुझ्या तोंडावर. मी उतरवते तवा.

चिमा: आणि ही भाजलेली? माडाच्या बुडाशी टाकू?

गोदा: टाकायची कशाला? डबीत भर. माझ्यापुरती होईल.

चिमा: तुम्हीपण सोडा की.

गोदा: मी आता कुणासाठी सोडू गो?