वरच्या रस्त्याची घरं

नेस्टा : हसायचं तर कप खाली ठेवून हस, डेलिथ. टेबलावर चहा सांडलास तर मी पुसणार नाही.

डेलिथ : हसत नाहीये गं. पण खरंच बूट काढलेस? परीक्षेच्या गाडीत बसताना?

नेस्टा : मुद्दाम काढले का? तीस वर्षं लोकांच्या दारात बूट काढतेय, पिशवीतल्या सपाता घालतेय, मगच आत पाऊल टाकतेय. त्यात त्या शिकवणाऱ्या पोराने गाडी अशी लख्ख धुऊन आणली होती! दार उघडलं आणि बूट कधी निघाले ते माझं मलाच कळलं नाही.

डेलिथ : परीक्षक काही बोलला नाही?

नेस्टा : तो बिचारा कागदात डोकं घालून बसला होता. सर्कलपाशी ब्रेक दाबायला गेले, तर सपात निसटून ब्रेकच्या खाली. समोर मेंढ्यांनी भरलेला ट्रक. शेवटी त्यानेच त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. मेंढ्यासुद्धा वळून बघत होत्या.

डेलिथ : अगं बाई! आणि बूट?

नेस्टा : आम्ही परत आलो तर पार्किंगमध्ये जोडीने उभे. कुणीतरी माझ्यासाठी राखण केल्यासारखे.

डेलिथ : म्हणजे तिसऱ्यांदाही गेलं.

नेस्टा : गेलं. आता तो चेहरा पाडून बसू नकोस. काय बोलायचंय ते बोल.

डेलिथ : तुला माहीत आहे काय ते. सोमवारपासून नियम लागू होतोय. स्वतःची गाडी नसेल त्या बाईला वरच्या रस्त्याच्या घरांचं सफाईचं काम नाही.

नेस्टा : वरची घरं गेली की माझ्याकडे राहिलं काय? तुझं ऑफिस आणि बँकेचा जिना. ऑफिस कसलं, हे तुझंच स्वयंपाकघर. आणि हे तू मला सांगतेस! तुला खिडकीची काच पुसायला कुणी शिकवलं?

डेलिथ : तू शिकवलंस. अजूनही बाकीच्या पोरींना मी तुझंच नाव सांगून शिकवते.

नेस्टा : तेव्हा गाडी होती का गं आपल्याकडे? आपण दोघी बसने जायचो, मांडीवर बादली घेऊन. ड्रायव्हर म्हणायचा, बादलीचंही तिकीट काढा. फरशी पुसायला चाकं कशाला लागतात?

डेलिथ : तेव्हा बस वर चॅपलपर्यंत जायची. आता खालच्या फाट्यावरच वळते.

नेस्टा : मग मी चालते. पाय आहेत मला. गेल्या वर्षी बर्फ पडला तेव्हा तुझ्या गाडीवाल्या सगळ्या घरी बसल्या. पॅरीबाईंच्या दारात कोण उभी होती?

डेलिथ : तू होतीस. पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यांनीच फोन करून सांगितलं मला.

नेस्टा : तक्रार केली?

डेलिथ : नाही गं. रडत होत्या.

नेस्टा : मग सोमवारनंतर त्या पॅरीबाईंकडे कोण जाणार? कॅरीस? पोरगी चांगली आहे, हात भरभर चालतो. पण तिची गाडी दारात चालूच असते म्हण ना. पॅरीबाई कपाटातली वारलेल्या नवऱ्याची पाद्रीची पांढरी कॉलर काढून दाखवतात, ती बघायला कॅरीस थांबेल?

डेलिथ : मी सांगेन तिला थांबायला.

नेस्टा : सांगून थांबतं का कुणी? खरं सांग, डेलिथ. तुला माझी लाज वाटते का? गिऱ्हाइकाच्या दारात बाई चिखलाच्या बुटांनी, हातात काठीचा मॉप घेऊन पायी येते, हे बरं दिसत नाही, असं कुणी म्हणालं का?

डेलिथ : मूर्ख आहेस.

नेस्टा : असेन. तरी उत्तर दे.

डेलिथ : एम्रिस आला होता माझ्याकडे. दुधाचा टँकर चालवतो तो.

नेस्टा : ...कधी?

डेलिथ : जानेवारीत. इथेच बसला होता, तू बसलीस त्याच खुर्चीवर. म्हणाला, धुक्यात त्या दगडी भिंतीच्या वळणावर तुमची बाई दिसलीच नाही. काळा कोट. मी भिंतीला टँकर घासला म्हणून ती वाचली. आणि वर हात हलवून, "माझीच चूक" म्हणाली आणि चालायला लागली.

नेस्टा : त्याने कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं.

डेलिथ : आणि तू कुणाला सांगितलंस? तुझ्या नवऱ्याला, इड्वलला?

नेस्टा : त्याला कशाला? त्याने मला घरातून हलू दिलं नसतं.

डेलिथ : त्या दिवसापासून दर मंगळवारी नि गुरुवारी, तू वर असतेस तेव्हा, धुकं असो नसो, तुझ्या परतीच्या बसची वेळ होईपर्यंत माझं कशातच लक्ष लागत नाही. भांडी घासते ती पुन्हा घासते. हा नियम मी गिऱ्हाइकांसाठी केलाय असं वाटतं तुला? मला वाटलं, सक्ती केल्यावर तरी शिकशील गाडी.

नेस्टा : असं होतं तर सरळ बोलायचं ना गं, बये.

डेलिथ : सरळ बोलले असते तर ऐकलं असतंस? दुसऱ्या दिवशी पिवळा कोट घालून त्याच रस्त्याने गेली असतीस.

नेस्टा : ...गेले असते. पिवळा कोट बरा उपाय आहे.

डेलिथ : बघ!

(दारावरची घंटा वाजते. डेलिथ उठून दार उघडते.)

डेलिथ : पॅरीबाई! तुम्ही इथे? कुणाबरोबर आलात?

पॅरीबाई : कुणाबरोबर नाही. गाडी आणली. नेस्टा आहेत का आत? सकाळी त्यांचा फोन आला होता, परीक्षा काही जमली नाही म्हणून. म्हटलं, आपणच न्यायला यावं.

नेस्टा : अहो बाई, तुम्ही गाडी चालवलीत? साहेब गेल्यापासून तुमच्या गाडीवर कोंबड्या बसतात!

पॅरीबाई : हाकलल्या. काचा धुतल्या. तीन वेळा बंद पडली, पण आली. दुसऱ्या गिअरच्या पुढे गेले नाही मी. मागे केवढी रांग लागली होती, सगळे मला हात करत होते.

नेस्टा : ते हात करत नव्हते, बाई.

डेलिथ : पॅरीबाई, गिऱ्हाइकाने कामाच्या बाईला आणायला यायचं, असं कुठे असतं का?

पॅरीबाई : मला नियम कळत नाहीत, डेलिथ. वर राहायला मी गेले, नेस्टा नाहीत. रस्ता लांब आहे तर तो माझ्या घराचा आहे. दर गुरुवारी मी फाट्यावर येऊन थांबेन, आणि काम झालं की सोडून जाईन. शेजारच्या मॉर्गनबाईंनाही विचारलंय, मंगळवारी नेस्टा त्यांच्याकडे असतात तेव्हा त्या येतील.

नेस्टा : मला नाही आवडायचं. मी काय पाहुणी आहे?

पॅरीबाई : नाही तर नाही. मग मी गाडी शेडमध्ये ठेवते आणि परत घरात बसते. हे गेल्यानंतर आज पहिल्यांदा मी गावात उतरलेय.

डेलिथ : नेस्टा.

नेस्टा : ऐकतेय मी.

डेलिथ : मॉर्गनबाई खरंच येणार असतील, तर सोमवारचं ते... मी बघते. तू कोट घाल.

नेस्टा : घालते. बाई, चावी द्या बघू. चालवत नाही, घाबरू नका! दार उघडते फक्त. आणि वळणावर मी सांगेन तसं करायचं. आरशात बघा, मग सिग्नल, मग चाक फिरवा. परीक्षेचं पुस्तक पाठ आहे मला, पायच तेवढे ऐकत नाहीत.

पॅरीबाई : तिसरा गिअर कसा पडतो, तेही आहे का हो पुस्तकात?

नेस्टा : आहे, आहे. चला. डेलिथ, वर पोचले की फोन करते.

डेलिथ : कशाला? आता गाडीने जातेस ना.

नेस्टा : बरं, नाही करत.

डेलिथ : ...कर गं.