भजन चालू असताना

माझे नाव परसू भैरू खोत. वय ४९ वर्षे. धंदा शेती, सुगी संपल्यावर तंबाखूच्या वखारीत कामाला जातो. शिक्षण गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत. राहणार मौजे बोरहट्टी, तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव. पूर आल्यापासून मुक्काम गावाच्या वरच्या माळावरील शाळेत.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मला ठाण्यात कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आलो आहे. मला कन्नड समजते व कामापुरते बोलताही येते. परंतु ही हकीकत माझ्या भाषेत लिहून घ्यावी अशी विनंती मी केली व येथील पोलीस मॅडमनी ती मान्य केली.

ज्या बाईने फिर्याद दिली आहे तिचे नाव मी घेणार नाही. मॅडमनी तसे सांगितले आहे, आणि मलाही तेच बरोबर वाटते. ती आमच्या गावची सून आहे.

नदीचे पाणी देवळाच्या पायरीला लागले त्या दिवशी आम्ही गाव सोडला. आमच्याकडे पुरात बाया-पोरे शाळेत जातात आणि गडीमाणसे जनावरांबरोबर जातात. शाळेच्या आवारात म्हशी बांधता येत नाहीत. त्यामुळे चिकोडीच्या रस्त्याला एक रिकामे शेड आहे, तिथे जनावरे नेली व बहुतेक गडी तिथेच राहिले. त्या बाईचा नवराही तिथेच होता. शाळेत राहिलो ते वयस्कर लोक आणि आम्ही भजनी मंडळाचे. मी मंडळात पखवाज वाजवतो. देवळातून मूर्तीनंतर पहिल्यांदा पखवाज आणि टाळ बाहेर काढले होते.

शाळेचे संडास-बाथरूम इमारतीच्या मागे आहेत. वऱ्हांडा संपला की कोपऱ्यावरून वळून जावे लागते. तिथे एक बल्ब आहे, तो जनरेटरवर चालतो. जनरेटर मागेच भिंतीला लागून ठेवला आहे. दारांना आतून कड्या नव्हत्या. बाया दोघी-तिघी मिळून जात आणि एक जण बाहेरून दार धरून उभी राही. दिवसभर पाणी न पिणाऱ्याही काही होत्या, हे मला नंतर कळले.

मंजुश्री नावाची आमच्या गावची आशा कार्यकर्ती आहे. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "आप्पा, सांजच्याला त्या कोपऱ्यावर कुणीतरी बसाय पायजे." आप्पा म्हणजे आमच्या मंडळाचे पुढारी जोतिबा आप्पा. ते म्हणाले, "बसतो की. काठ्या घेऊन बसतो." तेव्हा बायाक्का, ही आमच्यातली सर्वांत वडीलधारी बाई, म्हणाली, "काठ्या घेऊन बसलासा तर कोण बाई जाईल रं तुमच्या म्होरनं? समद्यांनी बघत बसायचं आन् आमी तांब्या घेऊन जायाचं व्हय?" सगळे हसले. मंजुश्रीने मग सांगितले की, भजन तिथेच करा. तुमचे लक्ष देवाकडे राहील, बायांना संकोच वाटणार नाही आणि जवळ माणसे आहेत हा आधारही राहील. हाक मारली तर ऐकू जावी इतकेच ते अंतर आहे, असे आम्ही सर्वांनी धरले. कोणी तपासून पाहिले नाही. मलाही ती सूचना फार आवडली. देवाचे नाव घेत राखण करायची, यापेक्षा चांगले काम काय, असे माझ्या मनात आले होते.

त्याप्रमाणे दोन संध्याकाळी भजन वऱ्हांड्याच्या त्या टोकाला झाले. भजन चालू असले म्हणजे भीती नाही, असे बायांना वाटू लागले. काही जणी एकट्या जाऊ लागल्या.

शाळेतील जेवण शिवराज अण्णा यांच्याकडून येत असे. ते वरच्या वस्तीत राहतात व त्यांची गिरणी आहे. त्यांचा पुतण्या साईराज, वय अंदाजे सव्वीस, टेम्पोतून जेवण आणी व जनरेटरचे डिझेलही तोच बघे. त्याच्या वागण्याबद्दल तोपर्यंत माझ्या कानावर काही आले नव्हते.

शनिवारी दिवेलागणीनंतर आम्ही नेहमीप्रमाणे भजनाला बसलो. गजर चालू असताना साईराज हातात बॅटरी घेऊन माझ्या पाठीमागून कोपऱ्याकडे गेला. जाताना तो आप्पांना "डिझेल बघून येतो" असे म्हणाला. त्याच्या आधी ती बाई तांब्या घेऊन त्याच बाजूला गेलेली मी पाहिली होती. ती एकटी होती. थोड्या वेळाने मागचा बल्ब गेला. वऱ्हांड्यातील दिवे चालूच होते. जनरेटर बंद पडता तर सगळेच दिवे गेले असते, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. बल्ब उडाला असेल असे वाटले. माझा हात पखवाजावर होता.

पुढे काय झाले ते तिने आपल्या फिर्यादीत सांगितले आहे. मी ते पाहिलेले नाही, म्हणून सांगत नाही.

मी पाहिले ते एवढेच. साईराज कोपऱ्यावरून परत आला, आमच्या रांगेत मांडी घालून बसला आणि तालावर टाळ्या वाजवू लागला. नंतर ती बाई आली. ती कोपऱ्यावरून आली नाही, इमारतीला दुसऱ्या बाजूने वळसा घालून चिखलातून आली. तिच्या हातात तांब्या नव्हता. एका पायात चप्पल नव्हती. ती माझ्यासमोरून गेली आणि वर्गाच्या उंबऱ्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. पाऊस असल्यामुळे घसरून पडली असेल असे मला वाटले. आम्ही गजर पूर्ण केला. आरती झाली. प्रसाद वाटण्याचे काम माझ्याकडे असते. साईराजने दोन्ही हात पुढे केले आणि मी त्याला प्रसाद दिला.

रविवारी सकाळी तिने मंजुश्रीला सर्व सांगितले. मंजुश्री तिला घेऊन ठाण्यात येण्यास निघाली, तेव्हा शिवराज अण्णा शाळेत आले. ते मोठ्याने बोलले नाहीत. त्यांनी भजनाला बसलेल्या सर्वांना वऱ्हांड्यात उभे केले आणि म्हणाले, "हितनं तिथवर थुंकलं तर थुंकी पडंल, एवढं अंतर. बाई वरडली म्हणती. कुणाला ऐकू आलं, त्यानं हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही. त्यांनी मग एकेकाला विचारले. प्रत्येक जण "न्हाय" म्हणाला. मला विचारले तेव्हा मीही "न्हाय" म्हणालो. ते खरे होते.

"बघा," अण्णा म्हणाले, "देवाम्होरं बसलेली माणसं हायत. खोटं बोलणार न्हाईत. ठाण्यात बी हेच सांगायचं. वरडाच झाला न्हाय." भरमू नावाचे आमच्यातले एक गृहस्थ तिला म्हणाले, "एकटी गेलीसच कशाला गं?" त्यावर बायाक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली व म्हणाली, "मग काय वाजंत्री लावून जायाचं व्हय रं भरमू? तू जातोस तवा किती माणसं असत्यात बरोबर?" कोणी हसले नाही. अण्णा जाताना दारात थांबून म्हणाले, "जेवणाचं आमी मनापासनं करालोय. नको असंल तर तसं सांगा." वर्गात पोरे होती. त्या वेळी त्यांच्यासमोर अण्णांकडूनच आलेले उप्पीट होते.

सदर बाईने ते सर्व ऐकले. तिने फक्त एकदा माझ्याकडे पाहिले. मी पखवाजवाला असल्याने सर्वांत कडेला, म्हणजे कोपऱ्याच्या सर्वांत जवळ बसतो, हे तिला माहीत होते. नंतर ती मंजुश्रीबरोबर गेली व फिर्याद दिली.

दुपारी माझी पत्नी मालुबाई हिने मला विचारले, "खरंच ऐकू आलं न्हाय तुमास्नी?"

मी म्हणालो, "न्हाय. देवाशप्पथ."

"मी असते तर ऐकलं असतासा?"

मी म्हणालो, "तुझा आवाज वळखीचा हाय. तुझा ऐकला असता."

ती म्हणाली, "आज बसा भजनाला. तिथंच बसा. काल जसं वाजवलासा तसंच वाजवा. मी कवातरी मागनं हाक मारीन. कवा ते सांगणार न्हाय."

मी ही गोष्ट आप्पांना सांगितली. त्यांना ती पसंत पडली नाही. ते म्हणाले, "परसू, भजनाची परीक्षा घेतोस व्हय?" मी म्हणालो, "आप्पा, भजनाची न्हाय, माझ्या कानाची." मग ते बसायला तयार झाले. बाकीच्यांना कारण सांगितले नाही. भरमूही आले होते.

रविवारी संध्याकाळी त्याच जागी, त्याच रांगेत, त्याच क्रमाने भजन सुरू केले. मागे जनरेटर चालू होता. मालुबाई, बायाक्का आणि मंजुश्री कोपऱ्यावरून मागे गेलेल्या मी पाहिल्या. बाथरूमचे दार लावून घ्यायचे, असे त्यांचे ठरले होते. मी वाजवत होतो, परंतु माझे सर्व लक्ष मागे होते. आदल्या दिवशी तसे नव्हते. आज मी फक्त तिच्या आवाजाची वाट पाहत होतो. पहिला अभंग झाला. दुसरा झाला. गजर झाला. हाक आली नाही. तिला संकोच वाटत असेल असे मला वाटले. बायका मोठ्याने हाक मारायला संकोचतात. मी आप्पांना खुणेने आणखी एक अभंग घ्यायला सांगितले.

तो चालू असताना त्या तिघी कोपऱ्यावरून आल्या. मी हात थांबवला. टाळ एकेक करून थांबले. मी मालुबाईला म्हणालो, "अगं, कवा हाक मारणार हायस? आमी वाट बघालोय."

ती उत्तर देऊ लागली, परंतु तिचा आवाज फुटेना. घसा बसला होता. तिने पदर तोंडाला लावला.

बायाक्का म्हणाली, "तवाधरनं वरडालीय की रं ती! माझ्या कानात दडे बसले."

मी विचारले, "काय म्हणून वरडली?"

बायाक्का म्हणाली, "तुझं नाव घिऊन."

आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. मालुबाईने रविवारपर्यंत कधी माझे नाव घेतले नव्हते. आमच्यात घेत नाहीत. उखाण्यात घेतले असेल तेवढेच. रेशनच्या दुकानातसुद्धा ती शेजारणीला माझे नाव सांगायला लावते. त्या दिवशी बंद दाराआडून तिने "परसू, परसू" अशा हाका मारल्या, असे बायाक्का व मंजुश्री दोघी सांगतात. मी सर्वांत जवळ होतो. मी कान देऊन बसलो होतो. मला एकही हाक ऐकू आली नाही.

जोतिबा आप्पांनी हातातले टाळ खाली ठेवले. भरमू उठून गेले. आवाज भरावा म्हणून पखवाजाला लावलेली कणीक मी काढून ठेवली. त्यानंतर मी तो वाजवलेला नाही.

सोमवारी सकाळी गावच्या सुताराकडून सर्व दारांना आतून कड्या बसवून घेतल्या. मागे आणखी एक बल्ब लावला असून त्याचे बटण बायांच्या वर्गात घेतले आहे. कोपऱ्यावर आता बायाच पाळीपाळीने बसतात. तिथे एक रिकामी घागर आणि लोखंडी पळी ठेवली आहे. घागर वाजली की सर्वांनी असेल ते काम टाकून धावायचे, असे ठरले आहे. मंजुश्रीने ते दोनदा करून पाहिले. मी शेडात जनावरांपाशी होतो, तिथेही ते ऐकू आले. ही व्यवस्था पहिल्या दिवशीच बायांना विचारून ठरवली असती तर बरे झाले असते. कालपासून शाळेत जेवण येत नाही. बाया शाळेच्या पटांगणात चूल मांडून भात करतात.

अण्णांनी काल निरोप पाठवला होता की, मंडळातील सर्वजण ठाण्यात येऊन ओरड झाली नाही असे सांगणार आहेत व मीही यावे. म्हणून मी त्यांच्या आधी आलो आहे. मंडळातील कोणाशीही माझे वैर नाही. ते "आम्हाला ऐकू आले नाही" असे सांगतील तर ते खरे सांगतील. मीही तेच सांगतो. परंतु त्यावरून ती ओरडली नाही असे कोणी धरू नये. ती ओरडली असली तरी आम्हाला ऐकू आले नसते. ती मदतीसाठी आमच्या भरवशावर होती, आणि तो भरवसा आम्हीच तिला दिला होता. शनिवारी बल्ब गेला तेव्हा साईराज मागे होता, ती बाई मागे होती, तिसरे कोणी त्या बाजूला गेलेले मी पाहिले नाही. ही गोष्ट कोर्टात विचारली तरी मी अशीच सांगेन.

जोतिबा आप्पा माझ्याबरोबर आले आहेत व बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांनाही जबाब द्यायचा आहे. मालुबाई आली आहे. तिचा आवाज अजून नीट झालेला नाही, म्हणून तिचे म्हणणे दोन दिवसांनी घ्यावे अशी विनंती आहे.

वरील सर्व मजकूर मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना खोलीतला पंखा चालू होता. तो मी बंद करायला सांगितला व पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावला. या वेळी प्रत्येक शब्द मला ऐकू आला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे.