देवळामागची गाडी

आमच्या गावात गाड्यांचा कारखाना आहे. बालरोगतज्ज्ञांकडे मी ताप आलेल्या लेकीला थोपटत होते. शेजारच्या खुर्चीत नात्सुए झोपलेलं बाळ घेऊन बसलेली. तिचे वडील नुकतेच आले होते.

“तुझी गाडी दारात दिसली नाही.”

“देवळामागे लावलीय, बाबा. परक्या कंपनीची गाडी गेटपासून लांब लावायची, हा तुमच्या कारखान्याचाच नियम ना?”

“परक्या?”

“त्यांची नवी हायब्रिड घेतली.”

“आपली जुनी हायब्रिड वाईट होती?”

“नाही हो. पेट्रोल आपलीच कमी पिते.”

“मग?”

“हिचं दार हळू लागतं. बाळ उठत नाही.”

“आपल्या दाराने उठायचं?”

“दर वेळी.”

“अडतीस वर्षं मी दारंच बसवली, पोरी.”

“म्हणूनच सांगवत नव्हतं.”

“जाताना दार मला लावू दे. ऐकू दे एकदा.”