बंकरमधली किमची

सीमेवरच्या गावातून सेऊलकडे निघालेल्या बसमध्ये ओक-बुनच्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. तिला त्यांची पांढरी डोकी तेवढी दिसत होती.

"लेकीला सांगितलंस, कायमचे येतोय म्हणून?"

"सांगितलं. रडली बिचारी. म्हणाली, आता तोफांची धास्ती नको."

"राजधानीत खुर्ची बदलली की आपल्या डोक्यावर गोळे. भाषणं त्यांची, बंकरमध्ये आपण शिरायचं."

"सुटलो ना आता? गप्प बसा."

"बंकरची किल्ली सरपंचाला दिलीस?"

"नाही."

"का गं?"

"माझी कोबीची किमची मुरतेय आत. तिथल्यासारखा गारवा घरात कुठला?"

"मडकी तर सगळी वाटून टाकलीस म्हणालीस."

"खोटं बोलले. दोन ठेवली."

"केवढी?"

"वसंतापर्यंत पुरतील. दोघांना."

"मुळा घातलायस?"

"घातलाय. आणि तिखट कमी, तुमच्या पोटासाठी."

म्हातारा खिडकीबाहेरचं काटेरी कुंपण बघत राहिला. मग त्यानं हात लांब करून उतरायचं बटण दाबलं.

"अहो, लेकीला काय सांगू?"

"सांग, एक मडकं तुला पाठवतो."