ऑरव्हिलचे कोरे दिवस

मारित : ‘आधी तारखा बघ पोरी, मग आकडे.’ वही हातात देताना ऑरव्हिल एवढंच म्हणाले होते. आणि आपण तारखांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, चेंग.

चेंग : तू आधी बस बघू. साडेचार वाजलेत, लॅब रिकामी झालीये आणि तू मघापासून नुसत्या येरझारा घालतेयस. डेटा सायन्सचा प्रकल्प संपला. सोमवारी सादर केला, टाळ्या पडल्या, लाहती मॅडम हसल्यासुद्धा. त्या हसल्या, मारित! पेपरात यायला हवं होतं.

मारित : हे बघ. एकेचाळीस हिवाळे तो माणूस रोज सकाळी ओढा तळ्याला मिळतो तिथे जायचा, बर्फाला भोक पाडायचा, जाडी मोजायचा, लिहून ठेवायचा. त्यातल्या तीनशे बारा दिवसांपुढे काहीच लिहिलेलं नाही.

चेंग : माहितीये. मीच भरले ते. मागच्या-पुढच्या मोजमापांची सरासरी काढून. चौथ्या आठवड्यात शिकवलं तस्संच.

मारित : त्यातले दोनशे नव्वद मार्चमधले आहेत.

चेंग : मार्चमध्ये म्हाताऱ्याला सर्दी होत असेल.

मारित : एकेचाळीस वर्षं?

चेंग : बरं. मग?

मारित : काल त्यांच्या बायकोकडे, व्हर्नाबाईंकडे गेले होते. ऑरव्हिल गेल्यापासून एकट्याच असतात. त्यांना विचारलं. म्हणाल्या, ‘त्या दिवशी ते बर्फावर पायच ठेवत नसत. काठावरून रंग बघायचे, परत यायचे आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करायचे.’ बर्फ माणसाला पेलत नव्हता, म्हणून मोजला नाही, चेंग. आणि आपण तिथे लिहिलं, चौदा इंच.

चेंग : म्हणजे आपला तक्ता…

मारित : आपला तक्ता म्हणतो, या शनिवारी, ऐन मार्चमध्ये, तिथल्या बर्फावर ट्रकसुद्धा उभे राहतील. शनिवारी पोरांची मासेमारीची स्पर्धा आहे. धक्क्याची दुरुस्ती चाललीये, म्हणून गाड्या यंदा ओढ्याकडच्या बर्फावर लावणार आहेत.

चेंग : क्लेटन मो तीस वर्षं स्पर्धा भरवतोय. मोजल्याशिवाय गाड्या घालेल होय?

मारित : काठाशी दोन भोकं पाडेल. तिथे जाडच लागणार. पुढे ओढ्याचं पाणी खालून कुरतडत असतं. तेवढ्यासाठी तर त्याने तक्ता मागितला.

चेंग : मग सांग त्याला, जरा जपून. अहवालाला कशाला हात लावतेस?

मारित : जपून राहा असं त्याला तीस वर्षं सगळेच सांगतायत. आकडा चुकलाय म्हटलं, तरच तो थांबेल. आणि आकडा चुकला असेल तर तो मॅडमच्या टेबलावरही चुकलेलाच आहे.

चेंग : मला या विषयात ‘ए’ हवा, तुला ठाऊक आहे. ‘बी’ आला की विद्यापीठातली जागा गेली. माझी आई टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात दहा-दहा तास उभी असते. रविवारी तिला सांगून बसलो, जागा मिळालीच म्हणून. तिने सगळ्या मावश्यांना सांगितलं. तू ईस्टरपर्यंतच्या उपासासाठी साखर सोडलीस, देव तुझं भलं करो. पण माझा ‘ए’ का सोडतेस?

मारित : तुझा नाही सोडत. मॅडमना सांगेन, कोऱ्या जागा मी भरल्या.

चेंग : खोटं बोलणार? तू? तेही उपासाच्या दिवसांत?

(लाहती मॅडम दारात येतात. हातात किल्ल्यांचा जुडगा.)

लाहती : कोण खोटं बोलतंय? मी दिवे बंद करायला आले होते.

मारित : मॅडम, ऑरव्हिलच्या वहीतले कोरे दिवस… ते मोजायचे राहिले नव्हते. त्या दिवशी बर्फावर जाण्यात धोका होता. आम्ही सरासरीने भरले.

लाहती : ते दिवस धोक्याचे धरून शनिवारचा अंदाज पुन्हा काढलात?

मारित : काढला. यंदासारखी थंडी असलेल्या दहा वर्षांतून सात वेळा ऑरव्हिल काठावरूनच परतले असते.

लाहती : हं. कोरी जागा कशी भरायची, हे मी चौथ्या आठवड्यात शिकवते. ती कोरी का आहे, हे विचारायला दहाव्यात. क्रम उलटा लावलाय मी.

चेंग : मग दुरुस्त करून दिला तर…

लाहती : मुदत सोमवारी संपली. उशिराचा अहवाल एक श्रेणी खाली जातो. हा नियम मी सख्ख्या पुतण्यासाठीही मोडला नाही. विद्यापीठाला पत्र लिहीन, काय झालं ते सगळं. ते ऐकतील असं मात्र म्हणत नाही.

चेंग : ‘बी’, म्हणजे.

लाहती : ‘बी’. दुरुस्त केलात तर.

मारित : चेंग, शिव्या दे हवं तर.

चेंग : क्लेटन आत्ता कुठे असेल?

मारित : आज बुधवार. उपासाच्या दिवसांत चर्चमध्ये सगळ्या गावाला सूपचं जेवण असतं. सहाला सगळ्यांसमोर गाड्यांच्या जागा वाटून देणार आहे. चारदा फोन केला. सूप ढवळायला उभा राहिला की तो फोन गाडीतच ठेवतो.

चेंग : तक्ता मी नेऊन दिला होता ना, तेव्हा त्याने विचारलं, ‘यात काही बदललं तर?’ मी म्हटलं, मी स्वतः येऊन सांगेन. उगाच मोठेपणा.

मारित : थांब, मी पण येते.

चेंग : नको. तू अहवालाला बस. जागा कुणी भरल्या ते वरच लिही. आडनावासकट, चेंग लोर. माझी टोपी कुठाय?

लाहती : रस्ते घसरडे आहेत. चाळीस मिनिटं लागतील.

चेंग : म्हणून तर. मारित, त्या चर्चमध्ये मी कधी गेलो नाहीये. शिरायचं कुठून?

मारित : मागच्या दाराने. स्वयंपाकघर तिकडेच आहे.

चेंग : बूट काढायचे का?

मारित : नाही रे. दारात बर्फ तेवढा झटक, आणि जा आत.